इचू (विंचू) की फवारणी: कोणती नस खवळली?

कपाशीच्या वावरात माणूस घामाघूम होऊन पडला, तर आधी डोळ्यांच्या बाहुल्या पाहा.

ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या फवारणीच्या औषधाची (कीटकनाशकाची) बाधा असेल तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लाळ गळते, छातीत घरघर, नाडी बहुधा मंद. ॲसिटिलकोलिन म्हणजे नसांचा संदेश पोचवणारं रसायन; ते तोडणारं विकर (एन्झाइम) हे कीटकनाशक अडवून धरतं, म्हणून संदेश थांबतच नाही आणि परानुकंपी नसा (लाळ-पचन चालवणाऱ्या, नाडी मंदावणाऱ्या) मोकाट सुटतात. या नसा मेंदूच्या देठातून (मेंदूच्या नसा क्रमांक ३, ७, ९, १०) आणि त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) भागातून निघतात. उतारा ॲट्रोपिन (ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखणारं औषध), तेही छाती मोकळी होईपर्यंत.

धुऱ्यावरचा दगड उचलताना लाल इचू डसला, तर सुरुवातीला उलटी-लाळ इथंही असते. फसगत होते ती इथंच. मग छाती-कमरेच्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या अनुकंपी नसा (धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या) पेटतात: हातपाय थंडगार, नाडी धडधड, बाहुल्या बहुधा मोठ्या. उतारा प्राझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), ॲट्रोपिननं उलट बिघडतं.

घामावर मात्र विसंबू नका. घर्मग्रंथींच्या नसा अनुकंपी, पण त्यांचं रसायन ॲसिटिलकोलिन, त्यामुळे घाम दोन्हींत फुटतो.

फवारणीवाल्याचे कपडे आधी उतरवा, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.