जुन्या सर्व्हरची कुंडली मांडायची कशाने?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. दोन सर्व्हर, साठेक संगणक, शिवाय नवी पेठेत विक्रीचं ऑफिस. हे सगळं ज्यानं उभं केलं तो पुण्याला नोकरीला लागला. मागे राहिली एक डायरी, तिच्यात दोन पासवर्ड, त्यातला एक चुकीचा. अशा ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात काय काय आहे ते काढून देणारं एखादं सॉफ्टवेअर सांगा ना."

एक सांगून भागत नाही. काही साधनं जे आहे ते वाचून दाखवतात. काहींमध्ये जे असायला हवं ते आपणच लिहायचं असतं. यातलं कुठलं हवंय हे ठरलं की निवड बरीच सोपी होते.

विंडोज सर्व्हरबरोबर येणाऱ्या आज्ञांनाच आधी हात घाला. 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' एवढं टाकलं की पाचही मुख्य भूमिका कुठल्या डोमेन कंट्रोलरकडे (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरकडे) आहेत ते कळतं. कारखाना आणि पेठेतलं ऑफिस दोन्हीकडे कंट्रोलर असेल, तर एकातले बदल दुसऱ्याकडे नीट पोचताहेत का ते 'रेपॲडमिन' सांगतं. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञांच्या भाषेतलं 'गेट-जीपीओरिपोर्ट' सगळ्या ग्रुप पॉलिसी, म्हणजे संगणकांना एकगठ्ठा लावलेले नियम, एचटीएमएल फाइलमध्ये उतरवतं. खर्च शून्य. पण हाती लागतात ते तुकडे, आणि सहा महिन्यांनी कुठली फाइल कशाची हे आपल्यालाच आठवत नाही.

हे तुकडे शिवून देणारी दोन साधनं मी वापरतो: कार्ल वेबस्टर यांची ॲक्टिव्ह डिरेक्टरीची (कंपनीतली खाती, संगणक आणि त्यांचे हक्क यांच्या नोंदवहीची) स्क्रिप्ट आणि ॲज-बिल्ट-रिपोर्ट. दोन्ही फुकट, दोन्ही पॉवरशेलवर चालणारी. वेबस्टर यांची स्क्रिप्ट फॉरेस्ट, डोमेन, साइट, ओयू, ग्रुप असे डिरेक्टरीचे भाग एकेक करून उलगडत जाते. वर्डमध्ये अहवाल हवा असेल तर ती चालवता त्या संगणकावर वर्ड लागतं, एचटीएमएलला लागत नाही. ॲज-बिल्ट-रिपोर्टचं वर्डवाचून अडत नाही. त्याचं खरं बळ मॉड्यूलांत आहे: ॲक्टिव्ह डिरेक्टरी, व्हीएमवेअरवरचे आभासी सर्व्हर, वीमचा बॅकअप, फोर्टिगेट फायरवॉल, सगळं एकाच धाटणीच्या अहवालात येतं. मात्र मॉड्यूलं बसवून सेटिंगच्या फायली जुळवण्यात पहिला दिवस जातो. नुसती डिरेक्टरी नोंदवायची असेल तर वेबस्टर. फायरवॉल आणि बॅकअपही त्यात हवे असतील तर तो एक दिवस घालवाच.

पिंगकॅसल खरं तर सुरक्षेच्या तपासणीचं साधन. पण इन्स्टॉल न करता चालतं, आणि वर्षानुवर्षं कुणी लॉगिनच न केलेली खाती, गरजेपेक्षा जास्त ॲडमिन, दुसऱ्या डोमेनशी असलेले जुने विश्वासाचे दुवे (ट्रस्ट) हे सगळं एका पानावर काढून शंभरपैकी गुण देतं. इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट, हे मालकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पंच्याऐंशी बघून ते पेढे मागवतील. आपल्याच कंपनीसाठी फुकट आहे, पण ग्राहकाकडून पैसे घेऊन अहवाल देणार असाल तर परवाना घ्यावा लागतो.

लॅनस्वीपर नेटवर्क धुंडाळून संगणक, प्रिंटर, स्विच स्वतः शोधतं. फुकट मर्यादा १०० वस्तूंची. ऐकायला पुष्कळ वाटते, पण साठ संगणकांच्या कारखान्यात प्रिंटर, कॅमेरे आणि हजेरीची यंत्रं मोजायला लागलात की शंभरी भरते. वस्तूंची यादी ते उत्तम देतं. डिरेक्टरीची रचना समजावून सांगणं हे त्याचं काम नाही.

नेटबॉक्सची तऱ्हा याच्या उलट. डिजिटलओशनने २०१६मध्ये खुला केलेला हा प्रकल्प रॅक, केबल आणि आयपी पत्ते फार नेटकेपणाने मांडतो, पण नेटवर्क स्वतः शोधत नाही, भरायचं तुम्ही. लिनक्स आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणारा माणूस हवा. दोन सर्व्हरच्या कारखान्यात हे म्हणजे चार पाहुण्यांसाठी मंगल कार्यालय. तिथे एक्सेलची शीट आणि ड्रॉ-आयओवर काढलेली आकृती पुरते. चार-पाच शाखांचं रुग्णालय किंवा साखर कारखाना असेल तर गोष्ट वेगळी.

डॉक्युस्नॅप, झिया कॉन्फिगरेशन ही विकतची साधनं ठरलेल्या वेळी अहवाल आपोआप काढतात. ऑडिटला दरवेळी ताजी प्रत द्यावी लागत असेल तरच त्यांचं दरपत्रक मागवा.

यातल्या एकाही साधनातून डीएसआरएमचा, म्हणजे डिरेक्टरी बिघडली तर दुरुस्तीसाठी आत शिरायचा, पासवर्ड निघत नाही. तो आठवत नसेल तर आजच 'एनटीडीएस-युटिल'ने नवा घाला आणि कीपास या पासवर्डच्या तिजोरीत ठेवा. मे महिन्यात दुपारी वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली, तर परत काय कुठल्या क्रमाने चालू करायचं हेही हातानेच लिहावं लागतं: आधी स्विच आणि स्टोरेज, मग डोमेन कंट्रोलर, मग ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर). अमुक पॉलिसी फक्त शिवण विभागाच्या संगणकांनाच का लावली, हे तर गेलेल्या माणसाला फोन करूनच कळतं. तो फोन उचलतोय तोवर करून घ्या.

अहवाल ज्या सर्व्हरबद्दल आहे त्याच सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवलेला मी दोनदा पाहिलाय. दुसऱ्या वेळी तो सर्व्हर बंद पडलेला होता. आता एक छापील प्रत मालकांच्या कुलपाच्या कपाटात ठेवायला लावतो. त्यात ॲडमिन खात्यांची नावं असतात, म्हणून व्हॉट्सॲपवर मात्र पाठवत नाही, कितीही आग्रह झाला तरी.