स्टडी लायब्ररी: फी सारखी, पण मुलींना आठपर्यंतच

इंदूरमध्ये भंवरकुआंजवळच्या एका स्टडी लायब्ररीत माझी लेक जेईईच्या तयारीसाठी चार महिने जात होती. जागा चांगली आहे. प्रत्येकाला पार्टिशनचं टेबल, स्वतःचा दिवा, प्लग. एसी नीट चालतो, शांतता पाळली जाते. मुलींचं बाथरूम वेगळं, स्वच्छ, आणि कडी लागते. हे मी पहिल्याच दिवशी आत जाऊन पाहिलं.

महिना आठशे रुपये, मुलगा असो की मुलगी. पण मुलं रात्री अकरापर्यंत बसतात आणि मुलींना आठला उठवतात. लेकीचा क्लास साडेसहाला सुटतो, टेबलाशी पोचेपर्यंत सात. फिजिक्सचं एखादं अवघड गणित सुटत आलं की काउंटरवरून हाक येते, "चलो दीदी, आठ बज गए." शेजारच्या टेबलावरचा मुलगा तिच्याच बॅचचा. तो बसून राहतो.

मालकांना भेटले. म्हणाले, सुरक्षेसाठी आहे. मी म्हटलं, अकराला मी स्वतः स्कूटर घेऊन दारात उभी राहीन, लिहून देते. तरी नाही. मग जिन्यातला दिवा तीन आठवडे बंद का होता? सुरक्षा तिथे हवी होती.

वर म्हणाले, "लड़कियों का तो कोटा है, मॅडम." हे मला फार लागलं. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जागा वाढवल्या, आधी १४ टक्के आणि २०२० पर्यंत २० टक्के मुली व्हाव्यात म्हणून. त्या जादा जागा आहेत, मुलांची एकही कापलेली नाही. त्याआधी आयआयटीत शंभरात जेमतेम आठ-नऊ मुली असत. आणि पेपर सगळ्यांना तेच: आयआयटी प्रवेशाच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे दोन, तीन-तीन तासांचे, एकाच दिवशी. सलग तीन तास बसायची सवय रोज एक तास बसून कशी लागणार? आमच्या सिमरोलच्या आयआयटीत पोचायचं तर आधी इथे अकरापर्यंत बसता आलं पाहिजे.

माझ्या वेळी बाबांनी इंजिनिअरिंगचा फॉर्मच आणला नव्हता. लेकीचा फॉर्म मी भरलाय.

दोन तारे देते, जागेसाठी आणि डिपॉझिट लगेच परत केलं म्हणून. सध्या ती घरी जेवणाच्या टेबलावर बसते, आम्ही टीव्ही लावत नाही. मुलींची वेळ अकरापर्यंत केलीत तर त्याच दिवशी फी भरायला येईन.