परभणीच्या थंडीत हीटर कॉइलचा की ऑइलचा?
मराठवाडा म्हटलं की ऊनच आठवतं, पण जानेवारीत परभणीचा पारा कधीकधी ५-६ अंशांवर येतो आणि हीटरची चौकशी सुरू होते.

कॉइलवाला स्वस्त, लावला की लगेच ऊब. साध्या मॉडेलला थर्मोस्टॅट (ठरावीक उबेला वीज आपोआप तोडणारा स्विच) मात्र नसतो. बटण बंद करेपर्यंत तापतच राहतो. १००० वॉटचा तासभर चालला की एक युनिट. आंघोळीनंतर शेकायला पुरे.

ऑइलवाला, म्हणजे आतलं बंद तेल विजेवर तापवणारा, महाग आणि तापायला आळशी. पण खोली उबदार झाली की त्याचा थर्मोस्टॅट 'टक' करून वीज तोडतो, गार झाली की जोडतो. आजी-आजोबांच्या खोलीत मी हाच ठेवेन. थर्मोस्टॅटचा नॉब शेवटापर्यंत पिळल्याने खोली लवकर तापत नाही, हीटर फक्त उशिरा बंद होतो (घरात हे कुणालाच पटत नाही!).

ऑइलवाला तापतच नसेल, तर प्लग तपासून नॉब हळूहळू वाढवा. 'टक' आलीच नाही, तर बहुधा थर्मोस्टॅट गेला. आली तरी गारच, तर एलिमेंट (तापणारी तार) किंवा थर्मल फ्यूज (अति तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज) गेला असेल. सारखा चालू-बंद होतोय? भिंतीला खेटून ठेवला असेल. तिथं कोंडलेली ऊब थर्मोस्टॅटला फसवते. २००० वॉटला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा.