‘मेश’ची विषयसूची: एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाला कितपत बसते?

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार कोण, कधी, किती शिकवतं, असं धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारलं, तर उत्तर चार-पाच विभागांतून गोळा करावं लागतं. एनएमसीचे (नॅशनल मेडिकल कमिशन) अभ्यासक्रमातले क्रमांक विषयवार आहेत: बीआय (बायोकेमिस्ट्री), पीए (पॅथॉलॉजी), आयएम (मेडिसिन), पीई (बालरोग), सीएम (कम्युनिटी मेडिसिन). त्यांतून एकाच आजाराचा सगळ्या विषयांत आडवा शोध लागत नाही. तो लागतो अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ‘मेश’ (मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज) या शब्दसूचीने; तिच्यात प्रत्येक विषयाला ठरलेलं शीर्षक आणि क्रमांक असतो. फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडते.

एक्सेलमध्ये एका तासिकेला एक ओळ द्यावी. रकाने असे: एनएमसी क्रमांक, मेश क्रमांक, उपशीर्षक, वर्ष, विभाग, शिकवण्याची पद्धत, परीक्षेत कुठे विचारलं. ‘सिकलसेल डिसीज’ शोधा की ‘एचबीएस डिसीज’, मेश ‘अ‍ॅनिमिया, सिकल सेल’वरच नेते, क्रमांक डी०००७५५. खरी मजा उपशीर्षकांत आहे, म्हणजे त्या आजाराची कुठली बाजू शिकवली ते सांगणाऱ्या जोडशब्दांत. बायोकेमिस्ट्रीला ‘जेनेटिक्स’, पॅथॉलॉजीला ‘डायग्नोसिस’, मेडिसिनला ‘ड्रग थेरपी’, कम्युनिटी मेडिसिनला ‘प्रिव्हेन्शन अँड कंट्रोल’. फिल्टर लावला की कुठलं उपशीर्षक तीन विभागांत तेच ते चाललंय आणि कुठलं कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही, ते कळतं. सातपुड्यातले सिकलसेलचे रुग्ण येणाऱ्या कॉलेजात प्रतिबंधाचं उपशीर्षक रिकामं राहून चालणार नाही.

गोंधळ होतो तो शाखा-क्रमांकांत, म्हणजे मेशच्या वर्गवारीत शीर्षक कुठल्या गटात बसतं ते दाखवणाऱ्या क्रमांकांत. सिकलसेल सी१५ (रक्ताचे आजार) आणि सी१६ (जन्मजात, आनुवंशिक) अशा दोन्ही शाखांत येतो. सर्पदंशाचंही तसंच: विषबाधेतही, जखमांतही. शाखेवरून पिव्होट (एक्सेलचा गटवार मोजणीचा तक्ता) काढला तर एकच तासिका दोनदा मोजली जाते. शिवाय सूची सुधारली की शाखा-क्रमांक बदलू शकतात. म्हणून शीटमध्ये शीर्षकाचा डी-क्रमांकच (डी०००७५५सारखा) ठेवावा.

दुसरी खोड माणसांची. घाईत कोणी नुसतं ‘अ‍ॅनिमिया’ लावतो, मग सिकलसेल शोधात सापडत नाही. नेमकं शीर्षक असताना ढोबळ लावू नये, एका ओळीला दोन-तीनपेक्षा जास्त देऊ नयेत. सुरुवातीच्या पन्नासेक ओळींना दोघांनी वेगवेगळे क्रमांक लावून ताडून पाहावेत. कंटाळवाणं काम आहे, पण नंतरचं निस्तरणं त्याहून वाईट.

मेशला कळत नाही ती विद्यार्थ्याला किती यायला हवं याची पातळी. ‘ऑर्गनोफॉस्फेट पॉयझनिंग’ची (कीटकनाशकाची विषबाधा) माहिती हवी की त्यावरच्या अ‍ॅट्रोपिन या औषधाचा डोस स्वतः ठरवता यायला हवा, हा फरक एनएमसीच्या के (माहीत आहे), केएच (कसं ते माहीत आहे), एसएच (करून दाखवतो), पी (स्वतः करतो) या खुणांतच आहे. त्यामुळे एनएमसीचा रकाना काढून तिथे मेश बसवू नये. दोन्ही शेजारी ठेवावेत, आणि दरवर्षी मेशची नवी आवृत्ती आली की वापरलेले डी-क्रमांक एकदा पडताळावेत.