सुटे धान्य उत्तम, बिलाची रांग मात्र सुधारायला हवी

यादीतले सामान दहा-पंधरा मिनिटांत दारात आणून देणारी ॲप्स पुण्यात रुळली आहेत आणि व्हॉट्सॲपवर यादी टाकली की कोपऱ्यावरचा वाणीही संध्याकाळपर्यंत माल घरी पोचवतो. अशा काळात गिऱ्हाइकाने पार्किंग शोधत मोठ्या दुकानात का यावे, हा प्रश्न दुकानदाराने स्वतःला विचारायला हवा. आमच्या उपनगरातील ज्या सुपरमार्केटमधून आमचा महिन्याचा किराणा येतो, त्याने या प्रश्नाचे निम्मे उत्तर शोधले आहे आणि जे कमावले, त्यातले बरेचसे बिलाच्या काउंटरवर घालवले आहे.

आधी जमेची बाजू. बहुतेक मोठ्या दुकानांनी धान्य प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केलेले असताना येथे सुटे धान्य झाकणाच्या पिंपांत ठेवलेले आहे. मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन दाणा टपोरा आहे की किडका, हे पाहता येते, आंबेमोहोर नाकाशी धरता येतो आणि इंद्रायणी नवा आहे की जुना, हे विचारता येते. त्या विभागातील मावशी भाकरीसाठी मालदांडीच का घ्यावी आणि हायब्रीड ज्वारीची भाकरी थापताना कडेला का चिरते, हे न कंटाळता सांगतात, आणि अर्धा किलो मागितले तर अर्धा किलोच देतात. मोबाईलच्या पडद्यावर जे मिळूच शकत नाही ते हेच आहे, त्यामुळे प्रवेशद्वाराशी जाहिरातींचे भलेमोठे स्क्रीन लावण्यावर झालेला खर्च या विभागात आणखी एक माणूस नेमण्यावर झाला असता, तर तो अधिक सत्कारणी लागला असता. स्वच्छता चांगली आहे. ट्रॉल्यांबद्दल न बोललेले बरे.

भाजीचा वजनकाटा विभागाच्या अगदी टोकाला आहे आणि वजन करून स्टिकर लावून घ्यावे लागते, अशी पाटी कोठेही नाही. परिणामी कोणी तरी बिनस्टिकरची वांगी घेऊन कॅशियरपाशी पोचतो, त्याला परत पाठवले जाते आणि मागची सारी रांग ताटकळते. बिलाच्या काउंटरवरच काटा बसवला, तर हा प्रश्न एका दिवसात मिटेल.

त्याहून गंभीर बाब म्हणजे फळीवरील किंमत आणि बिलातील किंमत यांतील तफावत. तूरडाळीखाली मागच्या आठवड्याच्या ऑफरची चिठ्ठी तशीच लटकत असते, बिल भलत्याच दराने होते आणि विचारले तर ‘सिस्टिममध्ये हाच रेट येतोय’ असे उत्तर मिळते. रक्कम दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त सुपरवायझरला असल्याने तो येईपर्यंत मागच्या लोकांच्या नजरा झेलत उभे राहावे लागते, म्हणून अनेक जण वीस-तीस रुपयांवर पाणी सोडतात. चिठ्ठीवर जो दर आहे तोच लावण्याची मुभा कॅशियरला दिली, तर चिठ्ठ्या वेळेवर बदलण्याची शिस्त व्यवस्थापनाला आपोआप लागेल.

पहिली वस्तू स्कॅन होण्याआधी मोबाईल नंबर मागण्याची सवयही सोडायला हवी. नंबरासाठी ग्राहकाला अडवू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच विक्रेत्यांना केली आहे. पिशवीचे पैसे घ्यायचेच असतील, तर तशी पाटी दाराशी असावी, म्हणजे माणूस घरून पिशवी आणेल.

सदोष वस्तू परत करताना येथे वाद होत नाही, बिल दाखवले की पैसे मिळतात, हे आवर्जून नोंदवतो. खरे तर बिलावर मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरीही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशा पाट्या अजूनही किती तरी दुकानांत दिमाखाने झळकतात.

धान्य आणि कडधान्यांसाठी हे दुकान मी निःसंकोच सुचवेन. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जावे, कारण रविवारी संध्याकाळी सगळे काउंटर कधीच चालू नसतात, आणि ऑफरमध्ये घेतलेल्या वस्तूंचे दर काउंटर सोडण्यापूर्वीच बिलाशी ताडून पाहावेत.