इंग्रजी क्रियापदापुढे ‘टू’ की ‘-इंग’?

‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यापुढे ‘-इंग’. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’, ‘होप’ यांच्यापुढे ‘टू’. हे पाठच करावं लागतं. मराठीत ‘पोहायला आवडतं’ आणि ‘पोहायला शिकले’, दोन्हीकडे ‘पोहायला’च. म्हणून ‘आय एन्जॉय टू स्विम’ आपल्या तोंडी सहज येतं. बरोबर आहे ‘आय एन्जॉय स्विमिंग’.

खरी गंमत ‘रिमेम्बर’ आणि ‘स्टॉप’मध्ये आहे. दोन्ही रूपं चालतात, पण अर्थ पालटतो. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय. ‘आय रिमेम्बर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे आठवणीनं कुलूप लावलं. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’: तो बोलायचा थांबला. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’: बोलण्यासाठी थांबला. इथे ‘-इंग’ घडलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीकडे बघतं, ‘टू’ पुढे करायच्या गोष्टीकडे. माझ्या मते वर्गात सुरुवात या जोड्यांपासून व्हावी, याद्या नंतर.

‘बिगिन’, ‘स्टार्ट’पुढे बहुधा काहीही चालतं. प्रिपोझिशननंतर, म्हणजे ‘इन’, ‘फॉर’सारख्या शब्दांनंतर, मात्र ‘-इंग’च, आणि ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ प्रिपोझिशनच आहे. तेव्हा ऑफिसच्या मेलमध्ये ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ नको, ‘टू मीटिंग यू’ लिहा.