नॅसवर ११ महिने: बाबांच्या मराठी नावांच्या फाईली कुठे गेल्या

दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाईली ठेवायचा डबा, आत ४ टीबीच्या दोन, मिरर लावून (जे एकीवर तेच दुसरीवर). स्पेक्स लिहीत बसत नाही. २०२४ च्या दिवाळीत घेतला, डिस्क धरून ३६ हजार गेले, आणि पहिले आठ महिने मी भेटेल त्याला हाच घ्या म्हणून सांगत होतो. मग जुलैमध्ये बाबांच्या कॉम्प्युटरची एसएसडी गेली. त्यानंतर जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्यापैकी ज्यांच्या घरात मराठी नावांच्या फाईली आहेत त्या प्रत्येकाला हे माहिती पाहिजे.

आमच्याकडे साताऱ्यात चार मशीन आहेत. बाबांचा डेस्कटॉप, माझा ऑफिसचा नसलेला लॅपटॉप, बायकोचं मॅकबुक आणि मुलाचा जुना लॅपटॉप. आधी सगळं गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत कोंबायचो, पण १ जून २०२१ पासून फोटोपण त्याच १५ मध्ये मोजायला लागले आणि वर्षभरात ते भरलं. दर महिन्याला भाडं भरायचं मला पटत नाही, जन्मभर भरत राहायचं आणि एकदा कार्ड एक्स्पायर झालं की मेल वर मेल, त्यापेक्षा एकदाच पैसे टाकू आणि डबा घरात ठेवू असा विचार केला. सेटअपला एक रविवार गेला. फोल्डर बनवताना एनक्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं) करायचं का विचारतं, तिथे मी हो केलं, कारण उन्हाळ्यात आम्ही पंधरा दिवस गावी असतो, घर बंद असतं, कोणी डबा उचलून नेला तर आमची कागदपत्रं त्याच्या हातात नकोत. या एका टिकमार्कमुळे पुढचं सगळं झालं.

बॉक्सबरोबर कंपनीचंच बॅकअपचं सॉफ्टवेअर येतं, ते विंडोजच्या तिन्ही मशीनवर टाकलं, रोज रात्री ११ ला. मॅकला त्याचं स्वतःचं बॅकअप, टाईम मशीन. रोज सकाळी मोबाईलवर नोटिफिकेशन, हिरवी खूण, ‘बॅकअप पूर्ण’. आठ महिने ही हिरवी खूण बघत होतो.

एसएसडीचं एक आहे, जुनी हार्डडिस्क जाताना कटकट आवाज तरी करायची, चार दिवस हातात मिळायचे. ही रात्री चालू होती, सकाळी बायोसमध्येपण दिसेना. मी अजिबात घाबरलो नाही. नवीन एसएसडी आणली, विंडोज टाकलं, रिस्टोर लावलं, केबलवर बघता बघता सगळं उतरलं, संध्याकाळी बाबांना म्हटलं बघा, जसंच्या तसं आहे. बाबा खुर्चीत बसले, पाच मिनिटं फोल्डर उघडत राहिले आणि म्हणाले, “अरे, आजीच्या ओव्या कुठायत?”

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. २०१७ मध्ये, ती हिंडत-फिरत होती तेव्हा, बाबांनी मोबाईलवर त्या रेकॉर्ड करून घेतल्या, दोन सुट्ट्यांमध्ये मिळून ६४. नंतर एकेक ऐकून ओवीची पहिली ओळ हेच फाईलचं नाव दिलं, पूर्ण ओळ, मराठीत, गुगल इंडिकवर एका बोटाने टाईप करून. आजी २०१९ ला गेली. त्या फोल्डरमध्ये आता २३ फाईली होत्या. ६४ पैकी २३.

मग जमिनीच्या फोल्डरमध्ये बघितलं, तिथेपण भगदाडं. सातबारा एक वेळ चालेल, डिजिटल सहीचा महाभूमीवरून १५ रुपयांत परत निघतो, पण वाटणीपत्राचे, जुन्या फेरफारांचे स्कॅन, आजोबांच्या हातचे हिशोब, ते कुठून निघणार. सॉफ्टवेअर म्हणतंय बॅकअप पूर्ण. लॉग उघडला, आतल्या तिसऱ्या पानावर एक ओळ: ‘२१८ आयटम वगळले’. का वगळले ते नाही, कुठले ते एका वेगळ्या फाईलमध्ये. आणि बाहेर मात्र हिरवी खूण. या एका गोष्टीचा राग मला आजही आहे. दोनशे अठरा फाईली घेता आल्या नाहीत तर लाल दाखवा, पिवळं दाखवा, पूर्ण झालं असं कसं म्हणता?

कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला. पहिल्याने सांगितलं रिफ्रेश करा. दुसऱ्याने सांगितलं, “सर, फाईलनेममध्ये स्पेशल कॅरॅक्टर्स आहेत, इंग्लिशमध्ये रिनेम करून घ्या.” मी म्हटलं स्पेशल कॅरॅक्टर कुठलंच नाहीये, ती मराठी आहे. तर म्हणे हो सर, तेच. मराठी म्हणजे स्पेशल कॅरॅक्टर! बाबा शेजारी बसून ऐकत होते, उठून आत निघून गेले. तिसऱ्या फोननंतर तिकीट क्लोज केल्याचा मेल आला. त्या रात्री मी एक स्टार देऊन चार ओळी लिहिल्या होत्या, त्या आता काढल्यात, का ते पुढे येईल.

मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते मॅकने. बायको शाळेत मराठी शिकवते, तिच्या फाईलींची नावं बाबांच्यापेक्षा लांब, ‘इयत्ता आठवी प्रथम सत्र’ पासून सुरू होऊन संपतच नाहीत, आणि त्या सगळ्या टाईम मशीनमध्ये व्यवस्थित होत्या. तोच बॉक्स, तीच डिस्क. म्हणजे बॉक्सला मराठी चालतंय. म्हणून मी दोन आठवडे विंडोजला दोष देत बसलो, पाथ लांब झालाय म्हणून सगळं फोल्डर डी ड्राईव्हच्या मुळाशी आणलं, लाँग पाथची रजिस्ट्रीतली सेटिंग बदलली, काही फरक नाही. वर बाबांच्याच २३ ओव्या नॅसवर नीट पोचल्यात, त्यापण मराठी नावाच्याच आहेत.

शेवटी एक फाईल घेतली. काका त्यांच्या गावाकडच्या ग्रुपवर कागद टाकतात, तिथून वाटणीपत्राचा स्कॅन मिळाला होता, त्याला बाबांनी दिलेलं मूळ नाव दिलं: ‘वडिलोपार्जित जमीन वाटणीपत्र आणि सातबारा उतारा नवीन प्रत’. नॅसवर हाताने कॉपी केली. एरर, नाव फार लांब आहे. शेवटचा ‘प्रत’ खोडला, परत कॉपी केली. गेली! परत ‘प्रत’ लिहिला, अडकली. असं चार वेळा केलं, बाबांना बोलावून दाखवलं. ‘नवीन’पर्यंत जातं, ‘नवीन प्रत’ जात नाही.

मग वही घेऊन मोजलं. डोळ्यांना त्या नावात २८ अक्षरं दिसतात. पण कॉम्प्युटर मात्रा वेगळी मोजतो, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलन्त वेगळा. ‘त्र’ म्हणजे त, हलन्त आणि र, तीन चिन्हं. तसं मोजलं की २८ ची ४८ होतात. आणि लिनक्स या सिस्टीमवर नाव बाईटमध्ये मोजतात, नॅसच्या आत लिनक्सच असतं, तिथे इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ४८ त्रिक १४४, अधिक सात स्पेस, अधिक डॉट पीडीएफचे चार, झाले १५५. ‘प्रत’ आणि त्याच्या आधीची स्पेस काढली की १४२.

आता मर्यादा किती? लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टीमला एका नावाला २५५ बाईट चालतात, त्यात १५५ आरामात बसायला पाहिजे. इथे मी परत अडकलो. चौथ्या वेळी फोन न करता मी जरा सविस्तर मेल लिहिला, हा सगळा हिशोब मांडून, दोन्ही नावांच्या स्क्रीनशॉटसकट, आणि या वेळी तो कोणत्यातरी इंजिनियरकडे गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: फोल्डर एनक्रिप्टेड आहे का? मी म्हटलं हो. तर म्हणे, मग मर्यादा १४३ बाईट.

कारण असं की या पद्धतीत फाईलचा मजकूरच नाही तर नावसुद्धा एनक्रिप्ट होतं, आणि एनक्रिप्ट झालेलं नाव मूळ नावापेक्षा लांब होतं, म्हणून २५५ पैकी तुमच्या वाट्याला १४३ च उरतात. इंग्रजीत १४३ अक्षरं म्हणजे दोन ओळींचं वाक्य, कोणी एवढं नाव देत नाही, त्यामुळे इंग्रजीवाल्यांना हे कधी टोचतच नाही. मराठीत फार तर ४७ चिन्हं, त्यातही स्पेस आणि डॉट पीडीएफ धरले की अजून कमी. हिंदीवाल्याला तेच, तमिळवाल्याला तेच. ओवीची एक ओळ बहुतेकदा त्यात मावत नाही, छोट्या ओळींच्या २३ तेवढ्या मावल्या. आणि मॅकचं कोडंपण तिथेच सुटलं, टाईम मशीन नेटवर्कवर बॅकअप घेतं तेव्हा एक मोठी डिस्क इमेज बनवतं, तिचे छोटे तुकडे नॅसवर ठेवतं, मराठी नावं त्या इमेजच्या आत राहतात. नॅसला ती दिसतच नाहीत.

त्या इंजिनियरला मी मनापासून थँक्यूचा मेल केला. एक स्टारच्या ओळीपण तेव्हाच काढल्या. हार्डवेअरबद्दल माझी तक्रार नाहीच, पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून तीनदा लाईट जाते, साध्या यूपीएसवर बॉक्स स्वतःहून नीट बंद होतो, डिस्कला अजून एकही बॅड सेक्टर नाही. पण एनक्रिप्टच्या टिकमार्कशेजारी ‘नाव १४३ बाईटच्या आत ठेवा, मराठी-हिंदीत एका चिन्हाला तीन बाईट’ एवढं एक वाक्य असतं तर आमच्या घरात हे घडलं नसतं. म्हणून तीन स्टार, चौथा त्या हिरव्या खुणेसाठी कापला आणि पाचवा ‘स्पेशल कॅरॅक्टर्स’साठी.

आता कसं लावलंय ते सांगतो. एनक्रिप्शन नसलेला साधा फोल्डर बनवला, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर काढून विंडोजच्या मशीनवर कोपिया नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. ते मशीनवरच एनक्रिप्ट करून सगळ्याचे तुकडे नॅसवर ठेवतं, फाईलींची नावं त्या तुकड्यांच्या आत असतात, म्हणजे टाईम मशीनसारखंच, नाव कितीही लांब असो नॅसला घेणंदेणं नाही. चोराला तुकडेच मिळतील. पासवर्ड हरवला तर मात्र आपल्यालाही तुकडेच, म्हणून तो कागदावर लिहून एक बाबांच्या कपाटात आणि एक पुण्याला ताईकडे. ताईकडे २ टीबीची पोर्टेबल डिस्कपण असते, तशीच दुसरी इथे, गणपतीला आणि दिवाळीला अदलाबदल करायची. नॅसमधल्या मिररला बॅकअप समजू नका, एका डिस्कवरून फाईल उडाली की दुसरीवरूनही त्याच सेकंदाला उडते.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा स्वतः कुठल्याही पाच फाईली सांगतात, मी त्या रिस्टोर करून त्यांच्यासमोर उघडतो. पहिल्याच रविवारी एक नवीन भानगड कळली, १९९८ ते २००५ मधली त्यांची पत्रं उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहते ती पद्धत, आमच्याकडे यायच्या आधीची, डीव्हीबी-टीटी सुरेख फाँटमधली, आणि तो फाँट मेलेल्या एसएसडीवरच्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये होता, तो बॅकअपमध्ये घ्यायला पाहिजे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर सापडला, टाकल्यावर पत्रं वाचता आली. ज्यांच्याकडे अशा जुन्या फाईली आहेत त्यांनी फाँटची फाईल आजच त्याच फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, नाहीतर फाईल राहील आणि पत्र जाईल.

ओव्यांचं सांगायचं राहिलं. बाबांचा तो जुना मोबाईल बंद पडलेला, पण ८ जीबीचं कार्ड आतच होतं. त्यात रेकॉर्डिंग होती, नुसत्या तारीख-वेळेच्या नावांची. बाबा आणि मी चार रात्री बसून एकेक ऐकली, ते ओळ सांगायचे आणि मी टाईप करायचो, पूर्ण ओळ, एक शब्द कापला नाही. हरवलेल्या ४१ पैकी ३८ मिळाल्या. तीन नाहीत, त्या बहुतेक कार्ड भरल्यावर फोनच्या मेमरीत गेल्या असाव्यात.

त्या तीन बाबांना पाठ आहेत. मागच्या रविवारी दार लावून घेऊन त्यांनी स्वतः म्हटल्या, आत्याला फोन करून एका ओळीची खात्री करून घेतली, आणि फाईलला नाव देताना पहिल्या ओळीनंतर कंसात ‘आईची’ असं लिहिलं. रात्री कोपियाचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवसाचा बॅकअप, झाल्यावर आत जाऊन बघितलं. तिन्ही आहेत, कंसासकट.